सगळे वर

खाणीत सगळ्यात मोठा अधिकार कुणाचा, असं कुणालाही विचारलं असतं, तरी मोठ्या साहेबांचं नाव कुणी घेतलं नसतं. सगळ्यांनी एकच उत्तर दिलं असतं : वहिनींचा. मोठे साहेब खाणीचे मॅनेजर. त्यांना गाडी होती, खोलीला पडदे होते आणि रागावले की त्यांचे कान टोमॅटोसारखे लाल व्हायचे. पण त्यांचं ओरडणं लोक एका कानानं ऐकून दुसऱ्या कानानं सोडून द्यायचे. वहिनींनी मात्र नुसती मान वर केली, की अंगापिंडानं दांडगे गडी शाळकरी पोरांसारखे रांगेत उभे राहायचे.

वहिनी लॅम्प-रूम सांभाळायच्या. खाली उतरण्याआधी प्रत्येकानं त्यांच्या खिडकीशी यायचं, चार्ज केलेला दिवा घ्यायचा आणि खिडकीच्या आतल्या फळ्यावरचा आपला पितळी बिल्लाही घ्यायचा. वर आल्यावर दिवा परत, बिल्ला पुन्हा आपल्या खुंटीवर. खुंटी रिकामी म्हणजे माणूस खाली, बिल्ला लटकलेला म्हणजे माणूस वर. पाळी संपली की वहिनी सगळ्या फळ्यावरून नजर फिरवायच्या आणि खिडकीतून मान बाहेर काढून ओरडायच्या, "सगळे वर!" फळा सांभाळणाऱ्या कामगारानं हे शब्द उच्चारल्याशिवाय माणसांना खाली-वर नेणारा पिंजरा बंद करायचा नाही, सुरुंग लावायचा नाही आणि कुणी घरीही जायचं नाही, असा खाणीचा जुना नियम होता. मोठे साहेब प्रत्येक नव्या माणसाला तो पाठ करून घ्यायला लावत आणि वर सांगत, "आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, फळ्यावर ठेवा."

यात गंमत अशी, की वहिनी त्या फक्त एकाच माणसाच्या होत्या. त्यांचा धाकटा दीर खाली काम करायचा. तो एका जागी घटकाभर टिकत नसे, म्हणून त्याला सगळे भोवरा म्हणत. वहिनी लग्न होऊन घरात आल्या तेव्हा तो अर्ध्या चड्डीत होता, त्यामुळे त्याला अहो-जाहो करायचा प्रश्नच नव्हता. तो खिडकीत येऊन "वहिनी, दिवा" म्हणायचा, म्हणून मागचाही "वहिनी, दिवा" म्हणायला लागला, आणि बघता बघता सगळी खाण त्यांची दीर झाली. निवृत्तीला टेकलेले मोठे साहेबसुद्धा त्यांना वहिनीच म्हणायचे.

आणि मग खाण बंद होणार असं जाहीर झालं.

आता कुणाला वाटेल, लोकांनी ऊर बडवला असेल. तसं काही झालं नाही. कोळशानं त्यांच्या पोटाचं भलं केलं होतं, छातीचं नाही, हे प्रत्येक घरातल्या खोकल्याला ठाऊक होतं. कोळसा थांबायचा, खाणीच्या मातीच्या ढिगाऱ्यांवर सौरपट्ट्या बसायच्या आणि जुन्या आवारात दिवसाची वीज साठवणारं मोठं बॅटरीघर उभं राहायचं, हे ऐकून बायका म्हणाल्या, निदान वाळत घातलेले कपडे तरी पांढरे राहतील. काम बदललं तरी काम राहणार होतं. खाण कामगारांना प्रशिक्षण मिळणार, मग तिथंच नोकरी मिळणार, असं सरकारनं वचन दिलं होतं.

पण खाण कामगार म्हणजे कोण? इथंच घोडं पेंड खात होतं. राजधानीत बसून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या कुणीतरी ठरवलं होतं, की खाण कामगार म्हणजे जो खाणीत उतरतो तो. ऐकायला किती सरळ! जे उतरत नव्हते, त्यांना आभार आणि भिंतीवरचं एक घड्याळ मिळणार होतं. त्यात वहिनी होत्या. वर आलेल्यांसाठी न्हाणीघरात कढत पाणी तयार ठेवणारे आंघोळकाका होते. पाळी कितीही लांबली तरी चूल न विझवणाऱ्या कँटीनमावशी होत्या. अशी आणखीही बरीच वरची माणसं होती.

"ज्यांना उद्यापासून कुठं वेळेवर जायचं नाही, त्यांनाच घड्याळ देतायत," मावशी म्हणाल्या. "असले हुशार लोक शोधून आणतात तरी कुठून?"

मावशींसारखं हसण्यावारी नेणं वहिनींना जमेना. त्यांचा नवरा शिवणकाम करायचा, तेही खाणीतल्याच लोकांचं, त्यामुळे घराची भिस्त त्यांच्या नोकरीवर होती. पण खरं दुखणं नुसतं तेवढंच नव्हतं. सारी हयात त्यांनी दिवे चार्ज करण्यात घालवली होती, आणि आता त्यांच्याच आवारात बॅटरीघर होणार होतं आणि त्यांनी ते कुंपणाबाहेरून बघायचं होतं. तू इथली नव्हतीसच, असं कुणीतरी तोंडावर सांगितल्यासारखं त्यांना वाटत होतं. अपमान झाला होता त्यांचा, आणि तो गिळता येत नव्हता.

या सगळ्या बदलासाठी सरकारनं एक तरुण अधिकारी पाठवली होती. लोक तिला बदल-बाई म्हणायचे. पहिल्या दिवशी ती पांढरी चप्पल घालून आली, संध्याकाळपर्यंत ती काळी झाली, आणि दुसऱ्या दिवशी ती तीच काळी चप्पल घालून हसत हजर झाली, तेव्हाच लोकांनी तिला पास केलं. ती रोज दुपारचा चहा लॅम्प-रूममध्ये घ्यायची.

"वहिनी, तुमच्यावर अन्याय होतोय, मला दिसतंय," ती एकदा म्हणाली. "मी सारखं वर कळवते. ते म्हणतात, भावना पोचल्या, आता कारण द्या. नियमात बसणारं कारण."

"अन्याय होतोय हे कारण नाही?"

"ते नियमात बसत नाही."

"मग तुमचा नियमच लहान झालाय, बाई. पोर वाढलं की झगा सैल करून घेतात. माझ्या नवऱ्याकडे पाठवा, तो करून देईल."

बदल-बाईला हसताना ठसका लागला. पण चहा संपवून ती गेली तेव्हा तिचा चेहरा पडलेला होता.

बघता बघता शेवटचा दिवस उजाडला. आवारात मांडव घातला होता, बँडवाले आले होते. राजधानीतून मुख्य साहेब आले होते. माणूस गुटगुटीत, हसरा आणि उन्हानं घामाघूम. शेवटची पाळी वर आली, की खाणीच्या तोंडावर एक भलंमोठं पोलादी झाकण बसायचं होतं. ते झाकण क्रेनला लटकत होतं आणि क्रेनवाला घड्याळाकडे बघून सुस्कारे सोडत होता, कारण त्याला दुपारी आणखी कुठंतरी एक पूल उचलायचा होता.

पिंजरा वर आला. काळ्याकुट्ट चेहऱ्यांची माणसं बाहेर पडली. टाळ्या झाल्या, बँडनं दणकून सुरुवात केली. एकेक जण खिडकीशी येऊन वहिनींच्या हातात दिवा ठेवू लागला. कुणाचे डोळे ओले होते, कुणी उगाच मोठ्यानं हसत होतं. मग ते आत वाकून फळ्यावर आपला बिल्ला लावायचे आणि मांडवाकडे वळायचे.

रांग संपली. वहिनींनी सवयीनं फळ्यावरून नजर फिरवली, "सगळे" म्हणायला तोंड उघडलं आणि त्या थिजल्या. एक खुंटी रिकामी होती.

ती भोवऱ्याची होती, आणि त्याचा दिवाही परत आलेला नव्हता.

त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. याच फळ्यावरच्या अशाच एका रिकाम्या खुंटीमुळे मागं एकदा छत कोसळल्यावर एक माणूस जिवंत सापडला होता. सगळे म्हणत होते, तो घरी गेला. वहिनी एकट्याच म्हणत होत्या, बिल्ला नाही म्हणजे माणूस खाली आहे. तेव्हापासून हा फळा त्यांच्या दृष्टीनं लाकडाचा उरला नव्हता. आता तर घरचाच माणूस.

"थांबा!" त्या खिडकीतून ओरडल्या. "कुणीतरी खाली आहे! भोवरा खाली आहे!"

बँड विस्कटला. सगळ्यात शेवटी ढोलवाला थांबला. मोठे साहेब धावत आले, त्यांच्या मागून मुख्य साहेब, मागून बदल-बाई. आणि त्या सगळ्यांच्या मागून, हातात चहाचा पेला घेऊन, फुंकर घालत घालत भोवराही आला.

वहिनींचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच तळपायाची आग मस्तकात गेली.

"मेल्या! बिल्ला कुठाय?"

"बिल्ला?" भोवरा म्हणाला. "बिल्ला नाही लावला मी. मी खाली आहे."

"काय?"

"बिल्ला फळ्यावर नाही म्हणजे माणूस खाली. मग मी खालीच असणार, नाही का?"

"मूर्खा, मी तुला बघतोय!" मोठे साहेब गरजले. कान लाल व्हायला सुरुवात झाली होती.

"साहेब, तुम्हीच शिकवलंय. आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, फळ्यावर ठेवा."

मागं उभे असलेले गडी खुसखुसू लागले. एकाला हसू आवरेना, तो दुसऱ्याच्या पाठीमागं लपला. तेव्हा मोठ्या साहेबांच्या ध्यानात आलं, की हे एकट्या भोवऱ्याचं डोकं नाही. सकाळी खाली उतरताना पिंजऱ्यात सगळ्यांनी मिळून हा कट शिजवला होता.

"एक माणूस खाली असताना झाकण बसत नाही," भोवरा आता मुख्य साहेबांकडे वळून म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम थट्टेतला राहिला नाही. "आम्हाला नोकरी देताय, उपकार आहेत. पण साहेब, आम्ही खाली जायचो ते वहिनींनी दिलेल्या उजेडात. वर आलो की काकांचं कढत पाणी, मावशींचं गरम जेवण. त्यांना घड्याळ देऊन वाटेला लावायचं आणि आम्ही बॅटरीघरात जाऊन बसायचं? तोंड कसं दाखवू आम्ही? त्यांना घ्या. तोवर मी खाली आहे."

"मग खाली चहा कसा पितोयस?" मुख्य साहेबांनी विचारलं. माणूस वाईट नव्हता.

"पिंजऱ्यातून पाठवला मावशींनी," भोवरा म्हणाला, आणि सगळं आवार हसलं. क्रेनवालासुद्धा हसला, मग घड्याळ आठवून गप्प झाला.

हसला नाही तो फक्त एक चेहरा. लॅम्प-रूमचं दार उघडून वहिनी बाहेर आल्या. त्या सरळ भोवऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात पुढं केला.

"बिल्ला दे."

"वहिनी, अहो, तुमच्यासाठीच तर–"

"माझ्यासाठी? माझ्यासाठी फळा खोटा बोलायला लावलास? माझ्या काळजाचं पाणी झालं क्षणभर. या फळ्यावर लोक जीव सोपवून खाली जातात. तो आजवर एकदाही खोटं बोललेला नाही. शेवटच्या दिवशी बोलणार, तेही माझ्या नोकरीसाठी? घड्याळ घेऊन घरी बसेन मी. दे तो इकडं."

भोवऱ्यानं दिवा काढून दिला आणि बुटातून बिल्ला काढला. वहिनींनी तो पदरानं पुसला, आत गेल्या आणि खुंटीवर लावला. फळा भरला. गड्यांचे चेहरे उतरले. आंघोळकाका जमिनीकडे बघू लागले. बदल-बाईनं दोन्ही हातांनी कपाळ धरलं, कारण नियमात बसत नसलं तरी तिला भोवऱ्याचं कारण फार आवडलं होतं.

"शाबास, बाई," मुख्य साहेब म्हणाले. त्यांनी रुमालानं मान पुसली. "तुमच्यासारखी प्रामाणिक माणसं फार थोडी. आता ते शब्द म्हणा, म्हणजे झाकण बसवू. ऊनही चढलंय."

वहिनींनी खिडकीतून मान बाहेर काढली. तोंड उघडलं. पण शब्द काही बाहेर येईनात. त्यांनी तोंड मिटलं, पुन्हा उघडलं. लोकांना वाटलं, गहिवरून आलं असेल. तसं नव्हतं. वहिनी अडल्या होत्या, खरोखरच अडल्या होत्या, आणि चुकीचं काही करायचं नाही या हट्टापायीच अडल्या होत्या.

"साहेब," त्या शेवटी म्हणाल्या, "एक विचारू? हे मी कोण म्हणून म्हणू?"

"कोण म्हणून म्हणजे?"

"नियमात आहे, फळा सांभाळणाऱ्या कामगारानं म्हणायचं. खाणीच्या कामगारानं. आजवर मला वाटायचं, ती मी. म्हणून बेधडक ओरडायची. पण तुम्ही आता सांगितलंत, की मी खाणीची कामगार नाही, कधी नव्हतेच. मग माझ्या शब्दाला काय अर्थ? उद्या तो क्रेनवाला 'सगळे वर' म्हणाला, तर तुम्ही झाकण बसवाल?"

"मला चालेल," क्रेनवाला वरून म्हणाला. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

"मी नाही बसवणार," वहिनी म्हणाल्या. "फळ्याशी खोटं नको म्हणून याला आत्ता चारचौघांत झापलं, आणि मी स्वतः अधिकार नसताना ओरडू? तुम्ही खाणीचा कामगार बघा, साहेब. ज्यानं फळा सांभाळलाय असा. तो म्हणेल."

"पण फळा तर तुम्हीच–" मुख्य साहेब बोलता बोलता थांबले.

मोठ्या साहेबांचे कान आता लाल नव्हते, आणि ते मान खाली घालून मिशीतल्या मिशीत हसत होते. बदल-बाईनं कपाळावरचे हात काढले. तिच्या चेहऱ्यावर जे हसू पसरलं, ते तिनं दाबायचा प्रयत्न केला आणि तो साफ फसला.

"साहेब," ती म्हणाली, "तुम्ही मला कारण मागत होता ना? नियमात बसणारं? बाईंचा शब्द चालत असेल, तर त्या खाण कामगार आहेत. त्या खाण कामगार नसतील, तर खाण बंदच करता येत नाही, आणि आजवर इथं एकही पाळी नियमानं संपलेली नाही. यातलं कुठलं वर कळवू?"

मुख्य साहेबांनी झाकणाकडे पाहिलं, बँडवाल्यांकडे पाहिलं, फळ्याकडे पाहिलं. मग ते एका पेटीवर बसले आणि इतके खळखळून हसले, की त्यांच्या पोटावरचं बटण ताणलं गेलं.

"लिहा," ते बदल-बाईला म्हणाले. "फळा सांभाळणारी ती खाण कामगार. माझ्या अधिकारात लिहा, बाकीचं मी निस्तरतो. चला, बाई, झालं तुमच्या मनासारखं. आता म्हणा."

टाळ्यांचा कडकडाट झाला. भोवऱ्यानं चहाचा पेला हवेत उडवला आणि चहा मोठ्या साहेबांच्या बाहीवर सांडला. आंघोळकाका पुढं आले, त्यांनी वहिनींकडे बघून दोन्ही हात वर केले. त्यांचे डोळे भरले होते, आणि त्यात असूयेचा कणही नव्हता.

"झालं बरं का, वहिनी!" ते म्हणाले. "आमचं राहू द्या. तुमचं झालं, त्यात सगळं आलं."

वहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या. खरं सांगायचं तर क्षणभर त्यांना मोह झाला. बॅटरीघर डोळ्यांसमोर आलं, नवऱ्याचा चेहरा डोळ्यांसमोर आला. दोन शब्द म्हटले की सगळं पदरात पडत होतं. मागितलं तेवढं मिळालं, आता आणखी हात पसरायचा म्हणजे मिळालेलंही जायचं, असं त्यांचं मन त्यांना बजावत होतं. त्यांना भीती वाटली, आणि तरीही त्या बोलल्या.

"साहेब, मी पाळ्यांमागून पाळ्या ओरडले. पण 'जवळजवळ सगळे वर' असं मी कधी म्हटलेलं नाही. एक जरी राहिला, तरी मी गप्प बसायची. काका पाणी तापवायचे ते कुणासाठी? मावशींची चूल पेटायची ती कुणासाठी? हे लोक वर आल्यावर त्यांचं काम सुरू व्हायचं, म्हणून ते खाणीचे नाहीत? मग खाणीची मीही नाही. मी तरी कधी खाली गेले?"

मुख्य साहेबांचं हसू ओसरलं. ते पेटीवर बसल्या बसल्या रुमालानं कपाळ टिपत राहिले. वहिनींना वाटलं, गेलं. हातातोंडाशी आलेलं आपल्याच हातानं घालवलं. त्यांनी खिडकीची चौकट घट्ट धरली.

"बाई," मुख्य साहेब उठत म्हणाले, "तुम्ही मला मंत्र्यांपुढं उभं करणार."

"मी येते बरोबर," वहिनी म्हणाल्या.

"नको, नको," ते घाईघाईनं म्हणाले. "मग तर माझं काही खरं नाही." ते बदल-बाईकडे वळले. "वरची सगळी माणसं लिहा. पाणीवाले, कँटीनवाल्या, झाडूवाले, सगळे. एकालाही सोडू नका, नाहीतर हे झाकण इथंच लोंबकळत राहायचं. आणि त्या घड्याळांचं–"

"घड्याळं राहू द्या," कँटीनमावशी म्हणाल्या. "आता लागतील."

बदल-बाई मांडवातल्या टेबलाशी बसली आणि एकेकाला बोलवू लागली. आंघोळकाकांनी आपलं नाव सांगितलं आणि काम काय, असं विचारल्यावर ते गडबडून म्हणाले, "पाणी तापवतो." "खाण कामगार," बदल-बाई मोठ्यानं म्हणाली आणि तिनं तसं लिहिलं. काकांनी ते दोनदा वाचून दाखवायला लावलं. वहिनी खिडकीतून बघत होत्या. शेवटच्या झाडूवालीचं नाव लिहून होईपर्यंत त्या हलल्या नाहीत. क्रेनवाल्यानंही आता घड्याळाकडे बघणं सोडलं होतं.

मग त्यांनी फळ्यावरून नजर फिरवली. सगळे बिल्ले लटकत होते. त्यांनी आवारावरून नजर फिरवली. काळे चेहरे, पांढरे चेहरे, आंघोळकाका, मावशी. त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली.

"सगळे वर!" त्या ओरडल्या.

आवाज मध्येच फाटला, पण तो क्रेनपर्यंत पोचला. झाकण सावकाश खाली येऊ लागलं आणि बँडनं भलतंच कुठलं तरी लग्नातलं गाणं सुरू केलं. वहिनी खिडकीतच उभ्या राहिल्या. इतकी वर्षं हे शब्द त्या दुसऱ्यांसाठी ओरडत आल्या होत्या. आज पहिल्यांदाच त्या शब्दांत त्या स्वतःही होत्या.